मतदाराच्या नावे लिहिलेला ताळेबंद

विधानसभेची किंवा लोकसभेची निवडणूक जाहीर झाली, की नामनिर्देशनपत्राबरोबर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत जे एक लांबलचक शपथपत्र दाखल करावे लागते, त्याला दप्तरी भाषेत ‘नमुना २६’ असे नीरस नाव आहे. आणि मिरवणूक, गुलाल व घोषणा यांच्या गदारोळात ज्याच्याकडे फारसे कोणी ढुंकूनही पाहत नाही असा हा कागद, माझ्या मते, आपल्या प्रजासत्ताकाने गेल्या पाव शतकात निर्माण केलेल्या दस्तऐवजांतील एक अत्यंत विलक्षण दस्तऐवज आहे. आपल्याकडे माणूस आपले वय सांगतो, जात सांगतो, प्रसंगी घरातील भांडणेही सांगतो. परंतु घरात सोने किती तोळे आहे आणि बँकेचे देणे किती आहे, हे सख्ख्या भावाला सांगतानाही तो दहा वेळा विचार करतो. अशा समाजात हजारो माणसे दर पाच वर्षांनी शपथेवर आपली तिजोरी उघडून दाखवितात, आणि ती उघडलेली तिजोरी पाहण्यास कोणासही, अगदी विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यासही, मज्जाव नसतो.

या शपथपत्रात आरंभी उमेदवाराचे नाव, मतदारयादीतील अनुक्रमांक, पॅन क्रमांक आणि मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत दाखविलेले उत्पन्न यांची नोंद असते. त्यापुढे प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा. आणि त्यानंतर, ज्याच्यासाठी हे प्रकरण लिहिले जात आहे, तो मालमत्तेचा व देण्यांचा विस्तीर्ण तक्ता येतो. एक रकाना स्वतःचा, दुसरा पतीचा किंवा पत्नीचा, तिसरा हिंदू अविभक्त कुटुंबाचा, आणि त्यापुढील रकाने अवलंबितांचे. हातातील रोकड, बँकांतील ठेवी, कंपन्यांचे भाग, टपालातील बचत, विम्याच्या पॉलिसी, दुसऱ्याला उसने दिलेले पैसे, नोंदणी क्रमांकासह वाहने, वजन व किंमत यांसह दागिने हा झाला जंगमाचा तपशील. स्थावराचा तपशील अधिक बोलका असतो, कारण तेथे शेतजमिनीचा गट क्रमांक आणि क्षेत्र एवढ्यावर भागत नाही. जमीन वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची असल्यास केव्हा व किती रुपयांना घेतली, तिच्या सुधारणेवर काय खर्च केला आणि आज तिची बाजारभावाने अंदाजे किंमत काय येईल, हे सारे लिहावे लागते. त्यानंतर देण्यांची पाळी येते. बँकांची कर्जे आणि सरकारी करांची थकबाकी यांबरोबरच, पूर्वी सरकारी निवासस्थानात राहिला असल्यास त्याचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची बाकी, इतकेच काय पण सरकारी विमान किंवा हेलिकॉप्टर वापरले असल्यास त्याचे येणे राहिले आहे काय, हेदेखील नमुना विचारतो. जेथे लिहिण्याजोगे काही नाही तेथे ‘निरंक’ लिहावयाचे, अखेरीस साऱ्याचा गोषवारा द्यावयाचा, आणि नोटरीसमोर अथवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन प्रत्येक पानावर सही करावयाची.

हा कागद कोणाला उद्देशून लिहिलेला आहे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. आयकराचे विवरणपत्र आयकर अधिकाऱ्यासाठी असते, तो ते तपासतो आणि शंका आल्यास नोटीस काढतो. सरकारी नोकराचे मालमत्ता-विवरण त्याच्या खातेप्रमुखासाठी असते आणि बहुधा मोहोरबंद पाकिटातून कपाटात जाते. उमेदवाराचे शपथपत्र स्वीकारणारा अधिकारी त्याचा तपासनीस नसतो. तो ते घेतो, पोच देतो आणि प्रसिद्ध करतो. ज्याने ते वाचावे, तोलावे आणि त्यावर निर्णय द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे तो मतदार आहे. या कागदाचे सामर्थ्य येथूनच येते, आणि त्याचे बहुतेक दौर्बल्यही.

राज्यकारभार करणाऱ्यांच्या संपत्तीचा हिशेब मागण्याची कल्पना काही नवी नाही. नवे आहे ते हिशेब मागणाऱ्याचे स्थान आणि मागण्याची वेळ. कौटिल्याने राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार गणून ठेवले ते राजाच्या सावधगिरीसाठी, प्रजेच्या माहितीसाठी नव्हे. मोगल अमदानीत मनसबदार मरण पावला म्हणजे त्याच्या मालमत्तेची मोजदाद होई आणि ती सरकारजमा करण्याचा हक्क बादशहाकडे असे; म्हणजे हिशेब व्हावयाचा तो माणूस गेल्यावर. पेशव्यांच्या राज्यात मामलेदाराबरोबर फडणीस, मुजुमदार, दप्तरदार आदी दरकदार नेमलेले असत, त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदारास नसे, आणि त्यांच्या सह्यांवाचून हिशेब पुरा होत नसे. ही व्यवस्था निःसंशय शहाणपणाची होती, परंतु तिचा कटाक्ष दौलतीच्या पैशावर होता, मामलेदाराच्या घरावर नव्हता. कंपनी सरकारला मात्र आपल्या नोकरांच्या घराकडे पाहणे भाग पडले, कारण बंगालमध्ये गेलेले तिचे तरुण लेखनिक नवाबांकडून नजराणे घेऊन काही वर्षांत विलायतेत जहागिरी विकत घेऊ लागले होते. १७६५ साली क्लाइव्हने, ज्याने स्वतः अशा नजराण्यांवर अपार संपत्ती मिळविली होती त्याच क्लाइव्हने, कंपनीच्या नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करारनामे लिहून घेतले, आणि १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने त्या निर्बंधास पार्लमेंटचे बळ दिले. नजराणा न घेण्याची अट आणि मालमत्ता जाहीर करण्याची अट यांत पुष्कळ अंतर आहे खरे. तथापि नोकराची खासगी मिळकत ही धन्याच्या चौकशीची बाब आहे, हे तत्त्व तेथे प्रथम रुजले.

स्वातंत्र्यानंतर धनी बदलला, तत्त्व राहिले. १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने उत्पन्नाच्या ज्ञात साधनांशी विसंगत अशा मालमत्तेचा समाधानकारक खुलासा देण्याची जबाबदारी लोकसेवकावर टाकली. १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालविली, आणि आजही महाराष्ट्राचे लाचलुचपत प्रतिबंधक खाते अशा प्रकरणांना ‘अपसंपदा’ या नावाने ओळखते. सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात असे ठरविले, की एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचे आधिक्य विसंगत समजू नये. गृहस्थाच्या हिशेबात तेवढी फट राहायचीच, ही त्यामागील व्यवहारी समजूत मला फार आवडते. दरम्यान चिंतामणराव देशमुखांनी १९५९ साली भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी उच्चाधिकारी न्यायाधिकरणाची मागणी करून दिल्लीत पुष्कळ अस्वस्थता उत्पन्न केली होती. १९६२ साली के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९६४ हे एकच वर्ष केंद्रीय दक्षता आयोग, केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम आणि मंत्र्यांची आचारसंहिता या तिन्ही गोष्टींना जन्म देऊन गेले. वर्तणूक नियमांनी मालमत्तेचे विवरण देण्याची शिस्त घालून दिली, आणि महाराष्ट्राने १९७९ साली स्वतःचे नागरी सेवा वर्तणूक नियम केले. मंत्र्याने आपली मालमत्ता सांगावयाची ती पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना. कारकुनाने सांगावयाची ती कार्यालयप्रमुखाला. वरच्याने खालच्याचा हिशेब पाहावा, हीच जुनी रीत.

या सगळ्या व्यवस्थेत निवडणुकीचा उमेदवार कोठेच नव्हता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने त्याचे वय विचारले, मतदारयादीतील नाव विचारले, राखीव जागेसाठी जात विचारली, आणि निवडणूक संपल्यावर खर्चाचा हिशेब मागितला. त्याच्यावर खुनाचा खटला आहे काय आणि सहकारी बँकेचे त्याच्याकडे किती येणे आहे, याविषयी पन्नास वर्षे कायदा मौन पाळून होता. ते मौन मोडले एका व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांनी. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आदी मंडळींनी १९९९ साली ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. विधि आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात सुचविलेल्या सुधारणा सरकार अमलात आणीत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. नोव्हेंबर २००० मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, केंद्र सरकार अपिलात गेले, आणि २ मे २००२ रोजी न्यायमूर्ती एम. बी. शाह यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सांगितला: मत देणे हा अभिव्यक्तीचा एक प्रकार आहे, अभिव्यक्तीला माहितीचा आधार लागतो, म्हणून उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, त्याची, पत्नीची व अवलंबितांची मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणे हा संविधानाच्या कलम १९(१)(अ) खाली मतदाराचा हक्क आहे. निवडणूक आयोगाने दोन महिन्यांत तसा आदेश काढावा, असे न्यायालयाने बजावले.

यानंतर जे घडले ते आपल्या संसदीय इतिहासातील एक मासलेवाईक प्रकरण आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका प्रश्नावर आश्चर्यकारक वेगाने एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. आयोगाने २८ जून २००२ रोजी आदेश काढला. जुलैत सर्वपक्षीय बैठक होऊन तो अमान्य ठरला. आणि ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक वटहुकूम राष्ट्रपतींकडे धाडला. महिन्याभरापूर्वीच पदारूढ झालेल्या डॉ. अब्दुल कलाम यांनी तो फेरविचारार्थ परत केला, मंत्रिमंडळाने तो जसाच्या तसा पुन्हा पाठविला, आणि घटनेने दुसरा मार्ग ठेवलेला नसल्यामुळे २४ ऑगस्ट रोजी त्यांनी त्यावर सही केली. वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. त्यातील कलम ३३-अ ने काही गुन्ह्यांची माहिती देण्याची अट घातली. कलम ७५-अ ने निवडून आलेल्या खासदाराने शपथ घेतल्यापासून नव्वद दिवसांत आपली मालमत्ता सभापतींना किंवा अध्यक्षांना कळवावी असे सांगितले. आणि कलम ३३-ब ने, कोणत्याही न्यायालयाचा कोणताही निकाल वा आयोगाचा कोणताही आदेश असला तरी, या कायद्यात जे मागितले नाही ते देण्यास उमेदवार बांधील नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. या योजनेतील चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे. मालमत्ता जाहीर होणार होती, पण निवडून आल्यावर आणि सदनाच्या प्रमुखाकडे. मतदाराचा वाटा एवढाच, की त्याने आधी मत द्यावे. हिशेब वरच्याने पाहावा, या जुन्या रीतीकडे कायदा पुन्हा वळला होता.

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ व इतरांनी या कायद्याला आव्हान दिले, आणि १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३-ब घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती शाह, व्यंकटराम रेड्डी आणि धर्माधिकारी यांची निकालपत्रे तपशिलात एकमेकांपासून भिन्न असली, तरी या मुद्द्यावर एकत्र येतात, की संसदेला कायदा बदलता येतो, पण मूलभूत हक्काचा जो अर्थ न्यायालयाने लावला आहे तो नुसता फर्मान काढून पुसता येत नाही. आणि निवडून आल्यावर सभापतींना दिलेली माहिती ही मतदाराच्या हक्काची भरपाई होऊ शकत नाही. त्याच महिन्याच्या २७ तारखेस आयोगाने नवा आदेश काढला.

पाश्चात्त्य देशांची रीत येथे ओझरती पाहणे उद्बोधक ठरेल. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने १९७४ साली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा ठराव केला. त्या नोंदवहीचा प्रश्न असा असतो, की तुमच्या बोलण्यावर किंवा मतावर प्रभाव पडेल अशी कोणती मिळकत, मानधन किंवा देणगी तुम्हाला लाभते. अमेरिकेने वॉटरगेटच्या धक्क्यानंतर १९७८ साली शासकीय नीतिमत्तेचा कायदा केला आणि नेमक्या आकड्याऐवजी अमुक ते अमुक अशा टप्प्यांत मूल्य सांगण्याची मुभा दिली. या दोन्ही देशांनी हितसंबंधांच्या विरोधाची चिंता केली. आपण संपत्तीच्या वाढीची चिंता केली. पत्नीच्या गळ्यातील मंगळसूत्राचे वजन विचारण्याचा प्रसंग इंग्लंडातील सदस्यावर येत नाही, आणि एखाद्या कारखान्याच्या संचालकपदी असलेला आपला आमदार त्याच कारखान्याच्या धंद्याविषयी सभागृहात बोलतो तेव्हा ते संचालकपद आपल्याला खटकत नाही. दोन्ही प्रश्न विचारावयास हवेत. सध्या आपण एकच नीट विचारतो.

आता छाननीच्या दिवसाकडे वळू. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने शपथपत्रातील मजकूर खरा आहे की खोटा हे ठरवावयाचे नसते. समोरच्या उमेदवाराने हरकत घेऊन प्रतिशपथपत्र दिले तर तेही तो प्रसिद्ध करतो, एवढेच. तेव्हा काही चतुर उमेदवारांनी एक सुलभ युक्ती शोधून काढली: खोटे लिहिले तर शिक्षेची भीती, म्हणून काहीच न लिहिता रकाना कोरा सोडावा. ही वाट १३ सप्टेंबर २०१३ रोजी ‘रिसर्जन्स इंडिया’ या संस्थेच्या याचिकेवरील निकालाने बंद झाली. रकाना कोरा ठेवणे म्हणजे मतदाराचा हक्क निष्फळ करणे होय, अधिकाऱ्याने उमेदवारास स्मरण द्यावे आणि तरीही रकाना कोरा राहिला तर अर्ज फेटाळावा, असे न्यायालयाने ठरविले.

खोटे किंवा अपुरे लिहिणाऱ्याचे काय, याचे उत्तर देण्याचा मान महाराष्ट्रातील एका खटल्याकडे जातो. ऑक्टोबर २००४ च्या विधानसभा निवडणुकीत अंबरनाथ मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. तीत विजेची थकबाकी, पत्नीच्या नावावरील बंगला, पत्नीच्याच नावावरील वाहन आणि भागीदारीच्या पेढीतील मालमत्ता शपथपत्रात आली नाही, असे आक्षेप होते. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये निवडणूक रद्द केली, आणि ९ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. विजेच्या थकबाकीविषयी प्रामाणिक वाद होता, म्हणून ती चूक न्यायालयाने गंभीर मानली नाही. बंगला, वाहन आणि पेढी यांविषयी मात्र तसे म्हणता आले नाही. या निकालातील युक्तिवाद सूक्ष्म आहे. छाननीच्या वेळी अधिकारी खोलात जाऊ शकत नाही हे खरे. पण पुढे न्यायालयात लपविलेली गोष्ट सिद्ध झाली आणि ती त्याच दिवशी कळली असती तर अर्ज फेटाळावाच लागला असता असे दिसले, तर अर्जाचा तो स्वीकार गैर ठरतो आणि निवडणूक कोसळते. अर्थात, ज्या विधानसभेची ती निवडणूक होती तिची मुदत २००९ सालीच संपली होती, हेही नोंदवून ठेवलेले बरे.

दहा वर्षांनी, ९ एप्रिल २०२४ रोजी, त्याच न्यायालयापुढे अरुणाचल प्रदेशातील तेझू मतदारसंघाचे प्रकरण आले. २०१९ साली तेथून निवडून आलेल्या अपक्ष उमेदवाराने कुटुंबीयांच्या नावे नोंद असलेली तीन वाहने, एक स्कूटी, एक ओम्नी व्हॅन आणि एक मोटारसायकल, दाखविली नव्हती, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याची निवडणूक रद्द केली होती. वाहने निवडणुकीपूर्वीच विकली किंवा देऊन टाकली होती, नोंदणी तेवढी बदलली नव्हती, असे आढळून आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक पुन्हा वैध ठरविली. आणि जाता जाता असे सांगितले, की कपडे, जोडे, भांडीकुंडी, लेखनसामग्री यांची यादी देण्यास उमेदवार बांधील नाही, मात्र एखादी वस्तू स्वतःच मोठी मालमत्ता ठरेल किंवा त्याच्या राहणीमानाची साक्ष देईल इतकी मौल्यवान असेल तर ती लपविता येणार नाही. साधे घड्याळ सोडून दिले तर चालेल, महागड्या घड्याळांचा संग्रह चालणार नाही. व्यवहारी माणसाला हे पटेल. परंतु साधे कोठे संपते आणि महागडे कोठे सुरू होते, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरावयाचे, आणि तोवर उमेदवाराने सोयीची बाजू धरावयाची, हेही त्यातूनच ओघाने येते.

दरम्यान २०१८ च्या फेब्रुवारीत ‘लोकप्रहरी’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि अब्दुल नझीर यांनी दिलेला निर्णय या शृंखलेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी म्हटला पाहिजे. मालमत्ता किती हे सांगून पुरे होत नाही, ती कोठून आली हेही उमेदवाराने स्वतःपुरते, पत्नीपुरते व अवलंबितांपुरते सांगितले पाहिजे, असे त्यांनी म्हटले. ते न सांगणे हा भ्रष्ट निवडणूक-आचरणाचा प्रकार मानला. आणि लोकप्रतिनिधींच्या संपत्तीत अवास्तव वाढ होते काय हे पाहणारी कायमची यंत्रणा उभारावी, अशीही सूचना केली. नमुन्यात आता स्रोतांचा रकाना आहे, आणि २०१९ साली पाच वर्षांची उत्पन्ने आणि परदेशातील मालमत्ताही त्यात आली. यंत्रणेपेक्षा रकाने वाढविणे सोपे असते.

अधिकाऱ्यांकडे दृष्टी टाकली म्हणजे मात्र चित्र उलटे होते. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याच्या मालमत्तेची, आयकर विवरणपत्रांची आणि त्याच्यावरील कारवाईची माहिती एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली मागितली होती. ते प्रकरण नागपूर खंडपीठामार्गे दिल्लीस पोहोचले, आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की व्यापक सार्वजनिक हित दाखविल्याशिवाय ही माहिती वैयक्तिक समजली जाईल. म्हणजे पराभूत होऊन अनामत गमावलेल्या उमेदवाराच्या पत्नीचे दागिने जगजाहीर, आणि तीस वर्षे सही-शिक्क्याचा अधिकार वापरणाऱ्याचे घर झाकलेले. उमेदवारी ऐच्छिक असते आणि नोकरी हा करार असतो, असे या भेदाचे समर्थन करता येईल. मला ते अपुरे वाटते. सर्वच दारे बंद आहेत असे नाही: भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणे केंद्राचा कार्मिक विभाग संकेतस्थळावर ठेवतो. पण २०१३ च्या लोकपाल कायद्याच्या कलम ४४ ने लोकसेवक, त्याची पत्नी व अवलंबित मुले यांच्या मालमत्तेच्या प्रसिद्धीची जी स्पष्ट तरतूद केली होती, ती २०१६ च्या दुरुस्तीने सौम्य होऊन, तपशील काय व कसा द्यावयाचा हे सरकारच्या मर्जीवर सोपविले गेले. न्यायमूर्तींनीही आपले दार सावकाशीनेच उघडले. १९९७ साली त्यांनी सरन्यायाधीशांना मालमत्ता कळविण्याचा ठराव केला, त्या ठरावाखालील माहिती देण्यावरून स्वतःच्याच न्यायालयाचे प्रशासन खटला लढले, आणि १ एप्रिल २०२५ च्या ठरावानुसार त्यांची विवरणे पुढील महिन्यात संकेतस्थळावर आली.

शपथपत्र वाचावे कसे, हे सांगितल्यावाचून प्रकरण पुरे होणार नाही. एकूण बेरीज पाहून भुवया उंचावणे हा सर्वांत निरुपयोगी प्रकार होय. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या परिघावरील वडिलोपार्जित दोन एकर जमीन काही न करता कोट्यवधींची होते, आणि खरा धनवान माणूस खासगी कंपन्यांच्या भागांचे दर्शनी मूल्य लिहून गरीब दिसू शकतो. म्हणून प्रथम खरेदीची तारीख पाहावी, मग खरेदीची किंमत, मग त्या काळातील उत्पन्न. ‘शेती’ हा व्यवसाय अनेक शपथपत्रांत आढळतो, आणि शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे आयकराचा रकाना लहान आणि मालमत्तेचा रकाना मोठा असला, तर दोहोंमधील दुवा म्हणून ऊस उभा केलेला दिसतो. तेव्हा क्षेत्र किती, पाणी कोठले, आणि एवढ्या उसाचे एवढे पैसे होतात काय, हे विचारण्यास शेतकरी मतदारापेक्षा अधिक लायक हिशेबतपासनीस कोण? अवलंबितांचा रकानाही लक्ष देऊन पाहावा. ज्याचे स्वतंत्र उत्पन्न कागदोपत्री आहे तो मुलगा, सून किंवा भाऊ या तक्त्यात येत नाही, आणि संपत्ती अशाच नात्यांच्या ओढीने हद्दीपलीकडे सरकते. त्याच माणसाची आधीच्या निवडणुकांतील शपथपत्रे शेजारी ठेवली, तर एका निवडणुकीत दिसलेली आणि पुढच्या निवडणुकीत विक्रीची नोंद नसताना नाहीशी झालेली जमीन बरेच काही सांगून जाते.

पडताळणीची साधनेही आज घरबसल्या मिळतात. गट क्रमांक शपथपत्रात असतोच. तो घेऊन महाभूलेखावर सातबारा उतारा काढता येतो, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा दिसतो, आणि फेरफाराच्या नोंदीवरून जमीन कोणाकडून केव्हा आली ते कळते. विसंगती आढळली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५-अ खाली दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद देता येते, ज्याची कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा दंड अथवा दोन्ही इतकीच आहे. निवडणुकीलाच आव्हान द्यावयाचे तर याचिका उच्च न्यायालयात करावी लागते. ती पराभूत उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदारास करता येते, खर्चाच्या तारणापोटी त्याने दोन हजार रुपये जमा करावयाचे असतात, आणि विजयी उमेदवार घोषित झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत ती दाखल व्हावी लागते.